वाचकांचे प्रश्न : पिट्ठूतलं पुस्तक

या महिन्यातली बहुतेक पत्रं फौजेत असलेल्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. प्रमोशन कॅडर (बढतीसाठीचा कोर्स) आणि खात्याच्या परीक्षांचे प्रश्न बाजूला ठेवलेत. इथे फक्त पिट्ठूत, म्हणजे जवानाच्या पाठीवरच्या पिशवीत, आवडीखातर, वेळ जावा म्हणून न्यायच्या पुस्तकांचं बोलू.

प्रश्न : मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, सध्या लडाखला. पुस्तकं पाठव म्हणतो. मागच्या खेपेला खोकं पोचलं, पण पुस्तकांची पानं तेलकट होऊन एकमेकांना चिकटली होती. पत्त्यात ठिकाणाचं नाव घालायचं का, तेही सांगा.
— एक आई, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ठिकाणाचं नाव अजिबात घालू नका. गाव नाही, खोरं नाही, पोस्टचं (चौकीचं) नाव तर नाहीच. मुलाचा नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, 'मार्फत ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) आणि त्याने कळवलेला पिन, एवढाच पत्ता. लष्करी डाकेचे पिन ९ ने सुरू होतात. उत्तर आणि पश्चिमेकडच्या युनिटांची डाक ५६ एपीओने दिल्लीमार्गे जाते, पूर्वेकडची ९९ एपीओने कोलकात्यामार्गे. पुढे ती लष्कराचीच डाकसेवा नेते, म्हणून पार्सल पोस्टातूनच टाका. खासगी कुरिअरवाले एपीओच्या पत्त्यावर पोचवत नाहीत. हाच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतही ठेवा. वरचं लेबल ओलं होऊन फाटलं तर तीच चिठ्ठी कामाला येते.

तेल आलं ते खाऊतून. चिवडा, चकली, बेसनाचे लाडू डब्यात घातले तरी आठ-दहा दिवसांच्या वाटेत झाकणातून तेल-तूप झिरपतं आणि कागद ते ओढून घेतो. खाऊचं खोकं वेगळं, पुस्तकांचं वेगळं, यात तडजोड नको. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड दुमडून चिकटपट्टी लावा. मग पाच पदरी पुठ्ठ्याच्या खोक्यात पुस्तकं आडवी रचा, एकाची पाठ डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे थर सपाट बसतो. फटींत रविवारच्या पुरवण्या कोंबा. पोस्टवर त्याही वाचल्या जातात. एक खोकं दोन किलोच्या आत ठेवा. शेवटचा टप्पा बऱ्याचदा कुणाच्या तरी पाठीवरूनच होतो, आणि जड खोकं मागे राहतं. दोन किलोत तीनशे पानी पुस्तकं पाच मावतात.

नुसती पुस्तकं असतील तर पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा विचारा. मे २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हाचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे होते. डाक जमिनीच्या मार्गाने जाते, वेळ लागतो. त्यात मासिकं चालत नाहीत.

वेळेचं गणितही बघा. जोजिला खिंड आणि मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. पुढच्या पोस्टांना मग हेलिकॉप्टरचाच आधार, आणि त्यात आधी रॉकेल, रेशन, औषधं चढतात. थंडीत वाचायची पुस्तकं ऑगस्टअखेर घराबाहेर पडलेली बरी.

प्रश्न : ग्लेशियरवर तीन महिन्यांसाठी जायचं आहे. याआधी उंचावर होतो तेव्हा नवं कोरं पुस्तक उघडलं आणि चार दिवसांत पानं सुटी झाली. कोणती पुस्तकं न्यावीत?
— एक नाईक, मूळ जि. सांगली

उत्तर : पुस्तकाच्या नावाआधी त्याची बांधणी बघा. आजची बहुतेक पेपरबॅक पुस्तकं गरम डिंकाने पाठीला चिकटवलेली असतात. हा डिंक शून्याच्या बराच खाली गेला की काचेसारखा कडक होतो. अशा वेळी पुस्तक दोन्ही हातांनी उलटं मोडून उघडलं की डिंकाला तडा जातो आणि तिथून पानं सुटू लागतात. पुस्तकाच्या माथ्याकडून पाठीकडे पाहा. दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे गठ्ठे (फॉर्म) दिसले आणि गठ्ठ्याच्या मधोमध दोरा असला, तर ते शिवलेलं आहे. ते डोळे झाकून न्या. सगळी पानं सुटी आणि एका सपाट डिंकाच्या थरात रुतलेली दिसली, तर ते घरीच दुरुस्त करून घ्या किंवा नेऊच नका. पातळ, मधोमध पिना मारलेली पुस्तिकाही चालते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी खास आवृत्त्या काढल्या, १९४३ ते १९४७ या काळात सुमारे १,३०० पुस्तकांच्या बारा कोटींवर प्रती. आडव्या आकाराच्या, खिशात मावणाऱ्या, पानावर दोन स्तंभ, आणि नुसत्या डिंकावर न विसंबता पिना मारलेल्या. आपल्याकडच्या एकाही मराठी प्रकाशकाला अजून असा विचार सुचू नये, याचं नवल वाटतं.

वजनाचा अंदाज असा : नेहमीच्या डेमी आकाराचं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचं दोनशे पानी पुस्तक साधारण २३० ग्रॅम भरतं, तीनशे पानी ३३५ च्या आसपास. पिट्ठूत प्रत्येक ग्रॅम मोजला जातो, तेव्हा दोनशे पानी दोन न्या आणि जोडीदाराला वेगळी दोन न्यायला सांगा. चार पुस्तकं झाली.

जाड कादंबरीच न्यायची असेल तर तिचे भाग करा. घरी, रजेवर असताना, एका संध्याकाळचं काम आहे. ४८० पानी पुस्तकाचे तीन भाग, शक्यतो प्रकरण संपतं तिथे. शिवलेलं असेल तर दोन फॉर्मांच्या मधेच कापा. फॉर्म बहुधा सोळा पानांचा असतो, तो मधून कापला की दोरा सुटतो. वरचं कव्हर सोडवा, आतल्या घडीत धारदार कटर फिरवा. डिंकाचं पुस्तक असेल तर प्रत्येक भाग दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट दाबा आणि पाठीपासून सहा मिलिमीटर आत, सारख्या अंतरावर दाभणाने पाच भोकं पाडा. मेण लावलेला जाड सुती दोरा मधल्या भोकातून सुरू करून एका टोकाला जा, तिथून दुसऱ्या टोकाला आणि पुन्हा मध्ये येऊन गाठ मारा. पाठीवर जुन्या सुती कापडाची चार सेंटिमीटर रुंद पट्टी फेविकॉलने चिकटवा, वर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. असं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, पण पान सुटत नाही. फेविकॉल वर नेऊ नका. बाटलीत एकदा गोठला की फाटलेल्या दुधासारखा होतो, चिकटत नाही. पारदर्शक चिकटपट्टीही पाठीला लावू नका. थंडीत ती कडक होऊन निघते.

पोस्टवर पुस्तक उघडण्याआधी ते थोडा वेळ स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा. बुखारीला (रॉकेलच्या शेगडीला) टेकवून गरम करू नका, डिंक वितळून पाठ वाकडी होते. रॉकेलच्या काजळीने पानांच्या कडा काळ्या होतातच. वाचून झालं की पिशवीत घातलं तर एवढा त्रास होत नाही.

प्रश्न : उंचावर गेल्यावर वाचावंसं वाटतं, पण अर्ध्या पानावर आलं की आधीचं विसरतो. एरवी रात्रीत पुस्तक संपवणारा माणूस मी. काय बिघडलं?
— एक हवालदार, मूळ जि. अहिल्यानगर

उत्तर : बिघडलं काही नाही, प्राणवायू कमी मिळतोय. त्या उंचीवर झोप तुटक होते, लक्ष आणि नुकतंच वाचलेलं लक्षात राहणं दोन्ही घटतं. वाचनाचा दोष समजू नका, पण पुस्तक मात्र बदला.

पाच-सात पानांची प्रकरणं, मोजकी पात्रं, लहान वाक्यं असलेलं काहीतरी घ्या. रहस्यकथा, विनोदी लेख, शिकारकथा, प्रवासवर्णनं चांगली चालतात. चार पिढ्यांच्या घराण्याची कादंबरी खाली उतरल्यावर वाचा. घेतलीच असेल तर खुणेच्या कागदावर पात्रांची नावं आणि नाती लिहून ठेवा. एकदा वाचलेलं पुस्तक परत वाचणं इथे फार उपयोगी : धागा तुटला तरी गोष्ट ठाऊक असते. अभंग आणि कविता याच कारणाने टिकतात, दोन मिनिटांत एक पूर्ण होतं. अक्षर किमान १२ पॉइंटचं हवं. जुन्या आवृत्त्यांतला बारीक टाइप टॉर्चच्या उजेडात डोळे फोडतो.

एकट्याला जमत नसेल तर एकाने मोठ्याने वाचायचं. मराठी गोष्ट मोठ्याने वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन हजार शब्दांची कथा अर्ध्या तासात संपते. वाचणारा दर पाच मिनिटांनी बदला. विरळ हवेत सलग बोलणाऱ्याला धाप लागते. बंकरमध्ये मराठी न येणारा एखादा असला तरी तो ऐकत बसतो आणि मधेच "फिर क्या हुआ?" विचारतो.

वाचायला खरा मोकळा वेळ हवामानाशी जुळवून घेण्याच्या पहिल्या टप्प्यात मिळतो. ९ ते १२ हजार फुटांचा हा टप्पा सहा दिवसांचा आणि त्यातले पहिले दोन दिवस सक्तीची विश्रांती. त्या दोन दिवसांसाठी एक पातळ पुस्तक हाताशी ठेवा. मात्र वाचताना डोकं सतत ठणकत असेल, उलटी येत असेल, चालताना तोल जात असेल किंवा अक्षरं अचानक अंधुक दिसू लागली, तर चष्म्याचा नंबर बदलला म्हणून गप्प बसू नका. लगेच मेडिकलला कळवा. उंचीचा त्रास असा सुरू होतो, आणि तो अंगावर काढायचा नसतो.

प्रश्न : नवऱ्याला वाढदिवसाला किंडल द्यावं म्हणते. चालेल का? की फोनवरच पुस्तकं भरून देऊ?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आधी त्यांना युनिटमध्ये विचारायला सांगा. किंडलसारख्या ई-रीडरला कॅमेरा आणि सिम नसलं तरी वायफाय असतं. ते नेता येईल की नाही आणि नेलं तर कुठे ठेवायचं, हे युनिटचा आदेश ठरवतो. फोनवरच्या अ‍ॅपचंही तसंच. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली, त्यात मराठी कथा वाचणाऱ्यांच्या ओळखीचं प्रतिलिपीही होतं. असे आदेश बदलत राहतात. दुकानात पैसे भरण्याआधी सध्याचा कोणता आहे ते त्यांच्याकडून कळू द्या.

परवानगी असेल तर सोय मोठी. १६० ते २१० ग्रॅममध्ये शेकडो पुस्तकं, आणि मराठी पुस्तकं किंडलवर २०१६ पासून मिळतात. रजा संपण्याआधी सगळी उतरवून घ्या, प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघा (नुसतं मुखपृष्ठ दिसतं आणि आतला मजकूर उतरलेलाच नसतो, असं बऱ्याचदा होतं), मग एअरप्लेन मोड लावा.

थंडीत मात्र ते जपावं लागतं. नेहमीची वापरमर्यादा शून्य ते ३५ अंश. शून्याखाली पडद्यावरची शाई सावकाश हलते, मागच्या पानाची सावली राहते. ते ऊब मिळाल्यावर सुटतं. खरं नुकसान चार्जिंगमध्ये होतं. गारठलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावली की आत धातूचा थर साचतो आणि क्षमता कायमची घटते. आधी अर्धा-पाऊण तास जॅकेटच्या आतल्या खिशात, मग चार्जर. बाहेरून उबदार खोलीत आणताना झिप पिशवीत बंद करून आणा आणि तासभर पिशवी उघडू नका. दव पिशवीवर जमतं, यंत्रात नाही.

फुकट मराठी पुस्तकं कुठून घ्यायची, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आहेत आणि ती ईपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलीत) उतरवता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. पण पीडीएफ आणि सहा इंची पडदा यांचं जमत नाही. पान आक्रसून अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं मोठी करता येत नाहीत. पीडीएफचं ईपब करायला जावं तर युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकाचा मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांत उतरतो. जमेल तिथे ईपबच घ्या.

ऐकायची आवड असेल तर ६४ केबीपीएस एमपी३ तासाला सुमारे २९ एमबी घेते, दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत बसतं. इअरफोन फक्त ड्यूटी संपल्यावर, आणि तेव्हाही एकाच कानात.

प्रश्न : वडील निवृत्त सुभेदार. ते म्हणतात, जवानाला युद्धकथा आणि प्रेरणादायी पुस्तकंच पाठवावीत. भावाला काय पाठवू?
— एक बहीण, बेळगाव

उत्तर : सुभेदार साहेबांचा मान राखून सांगतो, भाऊ घरी जे वाचायचा तेच पाठवा. दिवसभर तेच करणाऱ्या माणसाला रात्रीही तेच कशाला? 'यशस्वी कसे व्हाल' छापाची पुस्तकं तर भेट म्हणून इतकी येतात की युनिटच्या कपाटात त्यांचीच रांग असते, आणि ती कोरी राहतात. शंका असेल तर त्यालाच तीन नावं विचारा.

प्रश्न : नौदलात आहे, जहाजावर. पुस्तकांना बुरशी येते आणि ठेवायला जागा नाही.
— एक नौसैनिक, मूळ जि. रत्नागिरी

उत्तर : लॉकरमध्ये एका वेळी दोनच पुस्तकं ठेवा, बाकीची मेसमध्ये फिरती ठेवा. हवाबंद डब्यात कोरडी पुस्तकं आणि ओल शोषणारं ५० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते ओले झाले की कळतं. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पानात शिरते. आधी पान पूर्ण वाळू द्या, मग मोकळ्या हवेत, नाकातोंडावर रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पिनांची पुस्तकं खाऱ्या हवेत गंजतात. इथे शिवलेली बरी. रात्री लाल दिव्यात वाचत असाल तर लाल शाईच्या खुणा दिसणार नाहीत, पेन्सिल वापरा. घरच्यांना बंदराचा नाही, फ्लीट मेल ऑफिसचा (नौदलाच्या टपाल कार्यालयाचा) पत्ता द्या.

प्रश्न : पुस्तकाच्या समासात तारखा आणि दोन ओळी लिहायची सवय आहे. हरकत आहे का?
— एक शिपाई

उत्तर : मजकुराबद्दल हवं ते लिहा. तारीख, ठिकाण, युनिट, कोण कुठे गेलं, यातलं काही नको; पुस्तक दहा हातांतून फिरतं आणि शेवटी रद्दीत जातं. ड्यूटीचा कागद खुणेसाठी पानात ठेवू नका. वाचत बसल्याचा फोटो कुठेही टाकू नका, मागचा डोंगर ओळखणारे असतात.

प्रश्न : आमचं गावातलं वाचनालय आहे. तालुक्यातले बरेच जवान एकाच पलटणीत आहेत. त्यांना दिवाळी अंक पाठवायचे आहेत. किती, केव्हा, कसे?
— कार्यवाह, एक ग्रामीण वाचनालय, जि. कोल्हापूर

उत्तर : १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा घातली, आणि योगायोगाने त्याच वर्षी अलाहाबादहून 'फौजी अखबार' निघालं, तेच आजचं 'सैनिक समाचार'. पोस्टवर वाचायला दिवाळी अंकाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, भविष्य, ज्याला जे हवं ते, आणि कुठूनही उघडा.

अडचण तारखेची आहे. अंक ऑक्टोबरच्या आसपास बाजारात येतात, तोवर बर्फातल्या पोस्टांची वाट बंद व्हायला लागते. म्हणून दोन खेपा करा. पहिली ऑगस्टमध्ये, गेल्या वर्षीच्या अंकांची. कथा शिळी होत नाही, जुने अंक रद्दीवाल्याकडे आणि सभासदांच्या माळ्यावर पडलेले असतात, खर्च फक्त टपालाचा. दुसरी खेप नव्या अंकांची, आणि ती पलटणीच्या खालच्या मुख्य ठिकाणी जाईल असं गृहीत धरा.

तीस जणांच्या प्लाटूनला बारा वेगवेगळे अंक पुरतात. एकाच अंकाच्या सहा प्रती पाठवू नका, अदलाबदलीची गंमतच जाते. बारांत चार विनोदी, तीन कथांचे, दोन रहस्य किंवा गूढकथांचे, एक चित्रपटाचा, एक शेतीचा, एक आरोग्याचा, असा आमचा हिशेब. शेतीच्या अंकावर हसू नका, सर्वांत आधी तोच फाटतो.

एक अंक पाव ते अर्धा किलो भरतो. पुढच्या-मागच्या गुळगुळीत जाहिरातींची पानं काढून टाका : वजन घटतं, शिवाय ओल लागली की तीच पानं एकमेकांना घट्ट चिकटतात आणि सोडवताना छपाईसकट फाटतात. उरलेल्या अंकाच्या पाठीला वर सांगितलेली पाच भोकांची शिलाई घाला. वाचनालयाचा शिक्का मारा, पण परत करण्याची तारीख नको.

पाठवण्याआधी कमांडिंग ऑफिसरांच्या नावे पत्र लिहा. अंकांची नावं, संख्या आणि वजन त्यात द्या. होकार आला की पार्सल एखाद्या जवानाच्या नावे न टाकता युनिटच्या नावे टाका. तो जवान रजेवर किंवा कोर्सला गेलेला असला तर खोकं तो परत येईपर्यंत तसंच पडून राहतं. आत अंकांची यादी ठेवा आणि दर अंकाच्या पहिल्या पानावर एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्याने त्यावर आवडलेल्या कथेचा पान क्रमांक लिहायचा. पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करतो, आणि पुढच्या वर्षी काय पाठवायचं हे तुम्हाला पलटणीकडूनच विचारता येतं.